हातात इलेक्ट्रिशियन, कागदावर हेल्पर

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

मी २७ वर्षांचा असून मूळचा लातूर जिल्ह्यातला आहे. २०१८ मध्ये आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड उत्तीर्ण झालो, त्यानंतर वर्षभर अप्रेंटिस होतो आणि तेव्हापासून चाकण भागात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत मेंटेनन्सचे काम करतो. पॅनेल, मोटर, ड्राइव्ह, पीएलसीतला (यंत्रे आपोआप चालवणाऱ्या नियंत्रकातला) फॉल्ट शोधणे, सगळे करतो. रात्रपाळीला तर एकटाच असतो. पगारपत्रकावर मात्र माझे पद ‘हेल्पर’ आहे. पुण्यातली एक एजन्सी जर्मनीत ‘ऑसबिल्डुंग’ला पाठवण्याचे साडेतीन लाख रुपये मागते. वीस हजार टोकन देऊन बसलो आहे. उरलेल्या पैशांसाठी वडील अर्धा एकर गहाण ठेवायला तयार आहेत. मामा म्हणतात, नुसत्या आयटीआयला बाहेर कोणी विचारत नाही, आधी मुक्त विद्यापीठाची पदवी घे. मित्र सौदीला बोलावतो आहे. पत्नी जीएनएम (नर्सिंगची पदविका झालेली) नर्स आहे, मुलगी दोन वर्षांची आहे. मी काय करावे?
— एक वाचक, चाकण

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता येतात. जमीन गहाण ठेवू नका, आणि जर्मनीला जाता यावे एवढ्याच हेतूने पदवीला प्रवेश घेऊ नका. तुमच्याकडे कौशल्य आहे आणि ते सिद्ध करणारे शिक्षणही आहे. अडचण अशी आहे की तुम्ही प्रत्यक्ष करता ते काम आणि तुमच्या कागदांवर लिहिलेले काम यांत मोठे अंतर पडले आहे. एजन्सी ते अंतर तसेच ठेवून तुम्हाला भलत्याच रांगेत उभे करते आहे.

प्रथम ऑसबिल्डुंगविषयी. कारखान्यात काम आणि व्यवसायशाळेत शिक्षण अशा दुहेरी पद्धतीने चालणारे हे जर्मनीतले मूलभूत व्यावसायिक प्रशिक्षण असून औद्योगिक इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत ते साडेतीन वर्षांचे असते. प्रशिक्षणार्थीला विद्यावेतन मिळते. कायद्याने ठरवलेले पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन २०२५ साठी महिना ६८२ युरो होते आणि मोठे कारखाने त्याहून बरेच अधिक देतात. बारावी होऊन काहीच न शिकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी हा मार्ग उत्तम आहे. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की जे दोन वर्षे आयटीआयमध्ये आणि त्यापुढे इतकी वर्षे कारखान्यात शिकलात ते शून्य धरून, बायको-मुलीला मागे ठेवून, एकतिसाव्या वर्षापर्यंत पुन्हा विद्यार्थी व्हायचे. एजन्सीला हा मार्ग आवडण्याचे कारण उघड आहे. यात कोणाचेही जुने कौशल्य तपासावे लागत नाही, त्यामुळे पदवीधर, आयटीआयवाला आणि नुकता बारावी झालेला अशा सर्वांना एकच पॅकेज विकता येते.

जर्मनीत जाण्याचा दुसरा मार्ग आधीच शिकून आलेल्या कामगारांसाठी आहे, आणि तुम्ही त्याचा विचार करावा असे मला वाटते. १ एप्रिल २०१२ पासून तिथे परदेशी व्यावसायिक शिक्षणाच्या मान्यतेचा कायदा लागू आहे. अर्जदार कोणत्या देशाचा नागरिक आहे हे न पाहता, त्याने आपल्या देशात घेतलेले प्रशिक्षण तिथल्या एखाद्या ठरावीक व्यवसायाच्या प्रशिक्षणाशी ताडून पाहावे, असा तो कायदा सांगतो. १ मार्च २०२० पासून कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा आला, २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाल्या आणि त्यांतल्या तुमच्या कामाच्या तरतुदी मार्च २०२४ पासून अमलात आल्या. या सगळ्याचा गाभा इतकाच, की आधी मान्यता, मग नोकरीचा करार, मग व्हिसा. काही बाबतींत हा क्रम थोडा पुढे-मागे करता येतो.

मान्यतेच्या अर्जात पहिला निर्णय महत्त्वाचा असतो आणि तो बहुतेक लोक न वाचताच घेतात: आपली तुलना कोणत्या जर्मन व्यवसायाशी करायची? ‘इलेक्ट्रिशियन’ हा आपल्याकडे एक ट्रेड आहे. तिथे त्याचे अनेक वेगवेगळे व्यवसाय आहेत. इमारतींतली वायरिंग आणि वीजजोडणी करणारा हस्तव्यवसाय मंडळाच्या कक्षेत येतो. कारखान्यातली यंत्रे, पॅनेल आणि स्वयंचलन सांभाळणारा ‘इलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेखनिक’ उद्योग-व्यापार मंडळाच्या कक्षेत येतो, आणि त्याच बाजूला ‘इंडुस्ट्री-इलेक्ट्रिकर’ नावाचा दोनच वर्षांच्या प्रशिक्षणाचा एक व्यवसायही आहे. तुम्ही घरांच्या वायरिंगचे काम आयटीआयनंतर केलेलेच नाही असे पत्रावरून दिसते. असे असताना अर्ज हस्तव्यवसायाकडे गेला, तर तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव तुलनेत फारसा उपयोगी पडणार नाही. तोच अर्ज कारखान्याच्या बाजूला गेला, तर रात्रपाळीत एकट्याने शोधलेला प्रत्येक फॉल्ट तुमच्या बाजूने साक्ष देऊ शकतो, कारण शिक्षणातली उणीव कामाच्या अनुभवाने भरून निघाली आहे का, हे पाहणे त्या कायद्यानुसार तपासणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

उद्योगातल्या व्यवसायांचे असे बहुतेक अर्ज न्यूर्नबर्ग येथील ‘आयएचके फोझा’ ही संस्था तपासते. शुल्क साधारण १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान असते. भाषांतरांचा खर्च वेगळा. सगळी कागदपत्रे पोचल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा असा नियम आहे. निर्णय तीन प्रकारचा असतो: पूर्ण मान्यता, अंशतः मान्यता किंवा नकार. अंशतः मान्यता आली म्हणजे आपण नापास झालो असे समजून अनेक जण खचतात, आणि ते मला चुकीचे वाटते. त्या पत्रात तुमच्या प्रशिक्षणात नेमके काय कमी आहे ते विषयवार लिहिलेले असते. साडेतीन वर्षांच्या जर्मन अभ्यासक्रमासमोर आपला दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला, की स्वयंचलन आणि तिथल्या सुरक्षा-तपासणीची मानके या ठिकाणी फरक दिसण्याची शक्यता अधिक. एवढी यादी हातात असलेला कामगार मालकाला सांगू शकतो, की मला इतके येते, इतके शिकवा. असा अपुरा भाग तिथे जाऊन, काम करता करता पूर्ण करण्यासाठी वेगळा व्हिसा आहे. मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ नावाची तरतूदही आहे. किमान दोन वर्षांचे शासनमान्य प्रशिक्षण, ए-२ पातळीची जर्मन (भाषेच्या पातळ्या चढत्या क्रमाने ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा असतात) आणि नोकरीचा करार हाती असल्यास मान्यतेचा अर्ज तिथे पोचल्यावर करता येतो. मालक आणि कामगार मिळून ती प्रक्रिया पूर्ण करण्याची हमी देतात.

दोन वर्षांची ही अट साधी दिसते, पण आपल्या मुलांसाठी ती फार मोठी आहे. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे आयटीआयचे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एक वर्षाचा आहे. तुमच्याच लाइनवर तुमच्याहून कुशल वेल्डर असेल, दहा वर्षे हातात टॉर्च धरलेला. तरी या दाराशी तो अडकतो आणि तुम्ही आत जाता. मला हा न्याय वाटत नाही, पण आजचा नियम असा आहे, आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

मान्यतेशिवाय केवळ अनुभवावर जाण्याचा मार्गही आहे. त्यात दोन वर्षांच्या शासनमान्य प्रशिक्षणाबरोबर गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय पगाराची किमान मर्यादा आहे. २०२५ साठी ती वर्षाला ४३,४७० युरो होती, सामूहिक वेतनकरार पाळणाऱ्या मालकांना तीत सवलत आहे. भाषा कच्ची असलेल्या नव्या इलेक्ट्रिशियनला एवढा पगार सुरुवातीलाच देणारा मालक शोधणे अवघड. पंचेचाळीस वर्षांच्या आतल्या, पूर्ण मान्यता मिळालेल्या कुशल कामगाराला अशी ठोक मर्यादा नसते. म्हणून मान्यतेचा कष्टाचा रस्ताच तुम्हाला स्वस्त पडेल.

आता ‘हेल्पर’ या शब्दाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते आहे. ठेकेदार कुशल माणसाला अकुशल पदावर का दाखवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. किमान वेतनाचा दर पदाच्या वर्गवारीवर ठरतो. तुम्ही आजवर त्याचे नुकसान दरमहा काही हजार रुपयांत मोजले असेल. परदेशी तपासनीसासमोर मात्र त्याची किंमत फार वाढते, कारण त्याला तुमचे हात दिसत नाहीत, कागद दिसतो, आणि कागद सांगतो की या माणसाने इतकी वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली सामान उचलले.

यावर उपाय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या नव्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत अशी तरतूद आहे, की कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास ठेकेदाराने त्याला केलेल्या कामाचा तपशील असलेला अनुभवाचा दाखला दिला पाहिजे. मागणी लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या. मजकुराचा मसुदा स्वतः तयार करून दिलात तर उत्तम, कारण ठेकेदाराच्या कार्यालयात तो लिहिणाऱ्याला ड्राइव्ह आणि स्टार्टर यांतला फरक ठाऊक असेलच असे नाही. ‘मेंटेनन्सचे काम केले’ एवढ्यावर समाधान मानू नका. किती अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी सांभाळल्या, कोणत्या बनावटीच्या पीएलसीवर काम केले, प्रोग्राममध्ये बदल केला की केवळ इनपुट-आउटपुट तपासून फॉल्ट शोधला, पॅनेल नव्याने बांधले की दुरुस्त केले, आर्थिंग आणि इन्सुलेशनच्या चाचण्या कोणत्या उपकरणाने घेतल्या, हे त्यात यायला हवे. जे केले नाही ते लिहू नका. तिकडे प्रत्यक्ष मुलाखतीत किंवा कामाच्या नमुन्यात ते लगेच उघडे पडते.

ठेकेदाराने दाखला नाकारला किंवा त्यात पुन्हा ‘हेल्पर’च लिहिले, तर मूळ कारखान्याच्या मेंटेनन्स प्रमुखाकडून पत्र मिळवण्याचा प्रयत्न करा, तुमच्या कामावर ज्याची रात्रपाळी निभावते तो माणूस हे पत्र बहुधा देतो. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक उतरवून घ्या, कारण कोणत्या आस्थापनेत किती महिने होतात याचा तो सरकारी पुरावा आहे. अप्रेंटिसशिपच्या शेवटी परीक्षा दिली असल्यास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र शोधून काढा. पुष्कळ मुले आयटीआयचे प्रमाणपत्र जपतात आणि हे विसरतात. केवळ गुणपत्रिका पुरत नाही, त्यामुळे तुमच्या वर्षाचा इलेक्ट्रिशियन ट्रेडचा छापील अभ्यासक्रमही लागेल; केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने तो तासांच्या विभागणीसह प्रसिद्ध केलेला असतो. कागद मिळतच नसतील अशांसाठी जर्मन कायद्यात कामाचा नमुना आणि तज्ज्ञांशी चर्चा यांवरून कौशल्य तपासण्याची सोय आहे, पण ती पर्याय संपल्यावरची सोय आहे, तिच्या भरवशावर राहू नये.

मामांच्या सल्ल्यामागे माया आहे आणि आपल्या समाजाचा जुना अनुभवही आहे, कारण आपल्याकडे पदवीवाल्याला खुर्ची आणि आयटीआयवाल्याला पान्हा मिळतो. परंतु मान्यतेची तुलना त्या व्यवसायापुरतीच होते. कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी त्या तुलनेत कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि तुमची तीन वर्षे मात्र जातात. शिकायचेच असेल तर पीएलसी आणि औद्योगिक स्वयंचलनाचा एखादा चांगला, प्रत्यक्ष पॅनेलवर हात ठेवू देणारा अभ्यासक्रम करा. ज्या ठिकाणी तुमची उणीव निघण्याचा संभव आहे तिथेच तो भर घालील, आणि जर्मनीचे काहीच जमले नाही तरी पुण्यात त्याचे मोल आहे. शासनाच्या कौशल्य योजनांतली ‘पूर्वज्ञानाची मान्यता’, म्हणजे काही तासांचे मार्गदर्शन आणि चाचणी घेऊन दिलेले प्रमाणपत्र, इथे नोकरी बदलताना थोडे उपयोगी पडते. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची जागा ते घेऊ शकत नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

सौदीबद्दल थोडक्यात. तिथे इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी भारतातच कौशल्याची चाचणी घेतली जाते, म्हणजे कागदापेक्षा हाताला विचारतात, ही त्यांची बाजू तुमच्यासारख्यांना सोयीची आहे. भाषेसाठी वर्ष घालवावे लागत नाही, पैसाही लवकर हातात पडतो. पण मुक्काम कराराएवढाच असतो आणि कामगाराच्या पगारात कुटुंब सोबत नेणे सहसा जमत नाही. दोन-तीन वर्षांत कर्ज फेडायचे असते तर मी तुम्हाला तिकडे जा म्हटले असते. तुमच्यावर अजून कर्ज नाही.

तुम्ही ज्या गोष्टीचा पत्रात अर्ध्या वाक्यात उल्लेख केलात, तिच्यावर मला थांबावेसे वाटते. तुमची पत्नी जीएनएम नर्स आहे. जर्मनीत आज परिचारिकांची जी टंचाई आहे ती पाहता, तुमच्या घरातला परदेशी बाजारात अधिक मागणी असलेला कागद कदाचित तिच्याकडे आहे. तिचा व्यवसाय तिथे कायद्याने नियंत्रित असल्याने मान्यतेशिवाय परिचारिका म्हणून काम करताच येत नाही. बहुधा बी-२ पातळीची भाषा लागते, आणि फरक निघाल्यास ज्ञानपरीक्षा द्यावी लागते किंवा रुग्णालयात पूरक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तोवर साहाय्यक म्हणून कमी पगारावर काम असते. रस्ता लांब आहे, पण त्याचा खर्च पुष्कळदा तिथला मालक उचलतो. जर्मनीच्या सरकारी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात, ज्याच्याशी केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये करार केला, परिचारिकांकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. परदेशातून परिचारिका आणणाऱ्या खाजगी संस्थांसाठीही तिथे ‘न्याय्य भरती’चे सरकारी मानचिन्ह आहे, त्याची मुख्य अट हीच, की खर्च मालकाने करायचा. तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे ना, ते आधी पाहा. दोघांपैकी एकाला कुशल कामगाराचा व्हिसा मिळाला, तर जोडीदाराला सोबत जाता येते आणि कामही करता येते. हा निर्णय तुम्ही ‘मी काय करू’ असा विचारलात. तो दोघांनी बसून, दोघांचे कागद शेजारी मांडून घ्यावा, असे मी सुचवीन. मुलीला कोण सांभाळेल आणि कोण आधी जाईल, हेही त्याच बैठकीत ठरेल.

भाषेला पर्याय नाही. ए-२ ही कायद्याची किमान गरज झाली. रात्री दोन वाजता लाइन बंद पडली असताना सुपरवायझर फोनवर काय सांगतो ते समजायला बी-१ लागते, आणि मालकाला तोच माणूस हवा असतो. शिफ्टची नोकरी सांभाळून बी-१ पर्यंत पोचायला वर्ष ते दीड वर्ष धरून चाला. तीन महिन्यांत बी-१ करून देतो म्हणणाऱ्या क्लासला नमस्कार करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, तिथले शुल्क परवडले नाही तर अन्यत्र शिकून परीक्षा तेवढी तिथे देता येते. मान्यतेचा अर्ज आणि भाषा दोन्ही एकाच वेळी सुरू करा, म्हणजे निर्णय येईपर्यंत तुमची ए-२ होत आलेली असेल.

बातम्यांवरून खर्चाचे निर्णय घेऊ नका, हेही सांगायला हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोटार उद्योगाचे माहेरघर असलेल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात सुरुवातीला दहा हजार युवकांचे उद्दिष्ट सांगितले गेले. हे आकडे खरे आहेत, एजन्सीच्या पत्रकांवर ते ठळक छापलेलेही असतात. पण व्हिसा माणसाला त्याच्या नावाने, त्याच्या व्यवसायाने आणि त्याच्या मालकाच्या करारावर मिळतो. शासनाच्या योजनेत तुमच्या ट्रेडची जाहिरात निघाली तर अर्ज जरूर करा. तिची वाट पाहत मात्र थांबू नका.

राहिला एजन्सीचा आणि वीस हजारांचा प्रश्न. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते. नोंदणी आहे की नाही हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर नावानिशी तपासता येते. तुमची एजन्सी कदाचित म्हणेल, की आम्ही भरती करत नाही, आम्ही भाषावर्ग आणि मार्गदर्शन देतो. तसे असेल तर साडेतीन लाखांची फोड लेखी मागा: भाषेचे किती, भाषांतराचे किती, आणि नोकरी मिळवून देण्याचे किती. शेवटच्या रकान्यात त्यांनी एक आकडा जरी लिहिला, तरी नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. टोकनची पावती आणि कराराची प्रत जवळ ठेवा, त्यात मध्येच सोडल्यास दंडाचे कलम आहे का ते वाचा, मूळ प्रमाणपत्रे त्यांच्याकडे दिली असतील तर या आठवड्यातच परत आणा. पैसे परत करायला नकार मिळाला तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि विनानोंदणी भरतीची तक्रार परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षणासाठी असलेल्या मुंबईच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी कार्यालयात करता येते. वीस हजारांतले काही बुडालेच, तर ते वाचवण्यासाठी आणखी तीन लाख तीस हजार घालू नका.